तीनशेपैकी दोनशे सतरावी

गाडीची किंमत ठरवायचं काम वृषालीकडे आलं, ते तिला गाड्यांतलं काही कळत नाही म्हणून. कारण विचित्र वाटेल, पण तिच्या सासरी तेच योग्यतेचं प्रमाणपत्र समजलं गेलं.

तिसगावच्या त्या घराण्यात सामाईक वस्तू निकालात काढायची एक जुनी रीत आहे. थोरल्याने किंमत सांगायची, आणि धाकट्याने ‘घेतो’ किंवा ‘देतो’ यांपैकी एक शब्द उच्चारायचा. ‘घेतो’ म्हणाला तर वस्तू त्याची आणि निम्मे पैसे थोरल्याला. ‘देतो’ म्हणाला तर वस्तू थोरल्याची आणि निम्मे पैसे धाकट्याला. थोरल्याने किंमत कमी सांगितली तर वस्तू हातची जाते. जास्त सांगितली तर ती भलत्या भावात आपल्याच गळ्यात पडते. त्यामुळे माणूस झक मारत खरं बोलतो. या रीतीने आजवर एक बैलजोडी, विहिरीवरचं एक इंजिन आणि एक पिठाची गिरणी निकालात निघाली होती, आणि कुणीही कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. केडगावला राहणारी आणि नगरच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारी वृषाली लग्नानंतर जेव्हा ही रीत पहिल्यांदा समजावून घेत होती, तेव्हा तिने दोनदा विचारलं होतं, “हे कुणाला सुचलं?” सासरच्या माणसांबद्दल तिला वाटलेला तो पहिला मनापासूनचा आदर.

आता निकालात निघायची होती ‘रुद्र आर’.

सात वर्षांपूर्वी रस्तारुंदीकरणात जमिनीचा एक पट्टा गेला आणि त्याचे पैसे आले. त्या पैशांतून तिचा नवरा रविराज आणि त्याचा धाकटा चुलतभाऊ सचिन यांनी मिळून ही गाडी घेतली. कंपनीने देशभरात अशा फक्त तीनशे गाड्या काढल्या होत्या. ही दोनशे सतरावी. तसा आकडा कोरलेली एक पितळी पट्टी गियरच्या पुढे बसवलेली होती, आणि रविराज ती दर रविवारी पितांबरीने घासत असे. रंग लाव्हा ऑरेंज. आवाज असा, की केडगावातल्या त्यांच्या गल्लीत कुत्री आधी भुंकायची आणि गाडी मागाहून यायची. मागे काळा, रुंद पंख, म्हणजे स्पॉयलर, होता. वेगात गाडी जमिनीला दाबून धरायला तो असतो.

सहा महिने गाडी केडगावला, सहा महिने तिसगावला, असा करार होता. तो मोडला तो त्या पंखामुळे. एप्रिलमध्ये रविराज अचानक तिसगावला गेला, तर पंखावर सचिनच्या बायकोने, मोनिकाने, कुरडया वाळत घातल्या होत्या.

“तो कार्बन फायबर आहे!” रविराज म्हणाला.

“म्हनूनच लई लवकर वाळत्यात, भावजी,” मोनिका म्हणाली.

सचिनचंही काही म्हणणं होतंच. ज्या गाडीत कांद्याच्या चार गोण्या बसत नाहीत तिला गाडी का म्हणायचं, असा त्याचा प्रश्न होता. शब्दाला शब्द वाढला, रविराज गाडी तडक केडगावला घेऊन आला, आणि सचिनचे वडील कोंडीराम तात्या यांनी निर्णय दिला: रीतीप्रमाणे किंमत करा आणि मोकळे व्हा.

थोरला रविराज. पण तो सांगेल ती किंमत प्रेमाची असेल, बाजाराची नसेल, हे सगळ्यांना माहीत होतं आणि मनातून त्यालाही. तेव्हा त्याने अधिकार बायकोला दिला. “तिला गाडीचं काही नाही,” तो तात्यांना फोनवर म्हणाला. “ती दुधालासुद्धा लॅक्टोमीटर लावते.”

वृषालीला गाडीचं खरंच काही नव्हतं. तिला हवी होती एक खोली. गच्चीवर, दहा बाय बारा, एक खिडकी, एक टेबल, आणि आतून लागणारी कडी. पेपर तपासताना ज्या खोलीत कुणी “अगं, माझे मोजे कुठायत” विचारायला येणार नाही, अशी. ठेकेदाराने साडेपाच लाख सांगितले होते. दोन लाख पंच्याऐंशी हजार तिने आवर्त ठेवीत सहा वर्षं साठवले होते. सचिन ‘घेतो’ म्हणाला की उरलेले येणार आणि खोली उभी राहणार, असा तिचा साधा, सरळ हिशोब होता. तिने दोनशे पानी वही घेतली, पहिल्या पानावर ‘उद्दिष्ट’ लिहिलं आणि कामाला लागली.

पहिलं निरीक्षण मोबाईलवरच्या ॲपचं. जुन्या गाड्यांची किंमत ते ‘तीस सेकंदांत अचूक’ सांगत असे. त्यात ‘रुद्र’ होती, ‘रुद्र आर’ नव्हती. जवळचा पर्याय निवडा, असं ते म्हणालं. निवडला. तीन लाख वीस हजार. नंतर पुढचे नऊ दिवस त्या ॲपतर्फे एक मुलगी रोज सकाळी पहिल्या तासाला फोन करून “ताई, गाडी विकताय ना?” असं विचारत राहिली. तीन दिवसांत अकरावी ‘ब’च्या मुलांनाही मॅडम गाडी विकताहेत हे कळलं.

दुसरं निरीक्षण शेजारचे अंगदराव. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि सल्ला देताना पाय हलवत. “मॅडम, सोपं सूत्र आहे. दर वर्षाला पंधरा टक्के उडवायचे.”

“पण ही मर्यादित आवृत्तीतली आहे. काही गाड्यांची किंमत वाढते म्हणे.”

“मग पंधरा टक्के वाढवायचे,” अंगदराव म्हणाले. सूत्र तेच होतं, फक्त चिन्ह बदललं होतं. वृषालीने ते वहीत घेतलं आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

तिसरं निरीक्षण छगन मेकॅनिकचं. त्याचं गॅरेज पुणे रस्त्याला होतं, आणि रविराजच्या मते त्याच्या कानात देव होता. छगनने बॉनेट उघडून डोळे मिटले आणि इंजिन ऐकलं. वृषालीने पर्समधून प्रयोगशाळेचा व्हर्नियर कॅलिपर काढला, चाकाशी वाकली आणि ब्रेकच्या तबकडीची जाडी मोजायला लागली. छगनने डोळे उघडले.

“मॅडम, ते सोनाराचं हाय का?”

“एक पूर्णांक चार मिलिमीटर झिजली आहे,” वृषाली म्हणाली. “किती झिजेपर्यंत चालते?”

छगनने उत्तर दिलं, पण रविराजकडे बघून. “साहेब, क्लच संपत आलाय. पार्ट दिल्लीहून मागवावा लागंल, तीनशेच गाड्या असल्यामुळं. तीन लाखाच्या वर कुनी देनार न्हाई.”

“आणि तुम्हाला घ्यायची असती तर?” वृषालीने विचारलं.

या वेळी छगन तिच्याकडे वळला. गाडीकडे बघितलं. हात पुसले. “मला म्हंजे… मी साडेपाच दिले असते. पर मला इचारतंय कोन?”

वहीत तिने दोन्ही आकडे लिहिले. एकाच माणसाच्या दोन उत्तरांत अडीच लाखांचा फरक, तोही एका मिनिटात. प्रयोगशाळेत असं झालं असतं तर तिने उपकरण बदललं असतं.

चौथं निरीक्षण विम्याचं. पॉलिसीत गाडीची जी किंमत धरलेली असते ती कागदोपत्री सर्वांत विश्वासार्ह, असं रविराज म्हणाला. तेव्हा ती अर्धी रजा टाकून विमा कंपनीच्या कार्यालयात गेली. नाव सांगण्यात अर्थ नाही. सगळीकडे टोकन एकाच आवाजात ओरडतं. खिडकीतल्या गृहस्थांनी पॉलिसी काढली. गाडी: रुद्र, साधी. रंग: इतर.

“रंग ‘इतर’ कसा असेल?” वृषाली म्हणाली.

“मॅडम, यादीत लाव्हा ऑरेंज नाही.”

“नारिंगी लिहा.”

“नारिंगी पण नाही. लाल करून देऊ?”

“पण ती लाल नाहीये.”

“म्हणून तर ‘इतर’ टाकलंय. आम्ही पण चुकीचं लिहीत नाही,” गृहस्थ दुखावून म्हणाले. मॉडेल दुरुस्त करायला अर्ज, गाडीचे चार बाजूंनी फोटो आणि गाडी ‘आर’ असल्याचं कंपनीचं पत्र लागणार होतं. पत्र मिळवायला पॉलिसीवर ‘आर’ लिहिलेलं असावं लागत होतं. वृषालीने हे वर्तुळ वहीत काढून ठेवलं. अगदी स्वच्छ आलं.

पाचवं निरीक्षण पुण्याच्या एका संग्राहकाचं. त्याच्याकडे तीनशेपैकी दोन होत्या आणि तिसरी हवी होती. तो फोनवर इतक्या हळू बोलत होता, जणू गाडी झोपली आहे. मूळ चाकं? मूळ. एक्झॉस्ट? मूळ. आठ लाख, तो म्हणाला. मग विचारलं, “मागचा स्पॉयलर निष्कलंक आहे ना?”

दुसरं कुणी असतं तर ‘हो’ म्हणालं असतं. “डाग आहेत,” वृषाली म्हणाली. “तेवीस. प्रत्येकी साधारण नऊ सेंटिमीटर व्यासाचे.”

“कसले डाग?”

“गव्हाच्या चिकाचे.”

“मॅडम, सरांना फोन देता का?” सर ऐकून बाहेर गच्चीत जाऊन बसले. संग्राहक सहावर आला, तेही पंख बदलून मिळाल्यास.

शनिवारी सकाळी तिने सरासरी काढली, प्रत्येक आकड्याला त्याच्या विश्वासार्हतेप्रमाणे वजन दिलं, क्लचचे आणि कुरडयांचे पैसे वजा केले, आणि रविराजला उत्तर दाखवलं: पाच लाख साठ हजार, अधिक-उणे एक लाख दहा हजार.

“हे अधिक-उणे काय?”

“चूक. कोणतंही माप चुकीशिवाय सांगायचं नसतं.”

“वृषा, तात्यांसमोर अधिक-उणे म्हणालीस तर ते उपरणं झटकून उठतील. एकच आकडा लागतो.” जरा थांबून तो म्हणाला, “मी काही बोलणार नाही. तू सांगशील तो मान्य. फक्त सचिन ‘घेतो’ म्हणाला तर मला तिथे गाडीकडे बघायला लावू नको.”

रविवारी तिसगावला जायचं ठरलं. रविराजला पतसंस्थेच्या कामासाठी पाथर्डीला सकाळीच जावं लागणार होतं, तो तिथून एसटीने परस्पर येणार होता. गाडी घेऊन जायचं काम वृषालीवर आलं. बरोबर सासूबाई, गोजरबाई. वृषालीला गाडी चालवता येत होती, पण आजवर तिने चालवली ती घरातली जुनी पांढरी. ‘रुद्र’ला हात लावायचा प्रसंग आला नव्हता आणि रविराजने येऊ दिला नव्हता. तिने ठरवलं, जाता जाता इंधनाचं मोजमाप करू. वही गोजरबाईंच्या मांडीवर दिली.

“आई, मी सांगेन तेव्हा हा आकडा वाचायचा.”

“वाचते. पर ही खुर्ची बाळंतिनीगत आवळून धरतीय गं मला.”

मेहेकरीपर्यंत काही झालं नाही. मग करंजी घाट आला. पहिल्या उतारावरच वृषालीच्या लक्षात आलं की आपण वळणाकडे बघतो आणि गाडी वळते. मध्ये काहीच नाही. केंद्राभिमुख बल ती एकोणीस वर्षं शिकवत होती. फळ्यावर बाण काढून, दोरीला खडू बांधून. ते बल असं पाठीतून, खांद्यातून, तळहातातून जातं, हे पाठ्यपुस्तकात कुठे नव्हतं. घाट संपला आणि करंजी आली तेव्हा ती हसत होती. आपण हसतोय हे तिला आरशात दिसलं.

“आई,” ती म्हणाली, “हे उताराचं झालं. चढाचं निरीक्षण राहिलं.”

गाडी वळवून ती घाट चढली. चढावर इंजिनाचा सूर बदलला आणि गोजरबाई वही सोडून दाराच्या कडीला धरून बसल्या. वर पोचून पुन्हा वळवली.

“आता काय राह्यलं?”

“एका निरीक्षणाला अर्थ नसतो. किमान तीन लागतात.”

असे तीन चढ आणि चार उतार झाले. वहीत पहिल्या चढानंतर काहीही लिहिलेलं नव्हतं. चौथ्या उतारावर घाटातला चहावाला दोन्ही हात हलवून त्यांना ओळख दाखवत होता.

खाली आल्यावर गोजरबाईंनी पदर सारखा केला. “वृषाली, गाडी थांबीव. तुला गाडी पाह्यजे.”

“मी तटस्थ आहे, आई.”

“व्हय, दिसलं की. चार बारीला दिसलं.” मग आवाज खाली आणून, गाडीत तिसरं कुणी नसताना, म्हणाल्या, “ऐक. सचिननं पिकअप ठरवलाय. साठ हजार इसार देऊन बसलाय, आन् पंधरा दिसांत बाकीचे न्हाई दिले तर इसार बुडतोय. मोनिका मला म्हनली, चार लाख म्हनले तरी देऊन टाकू. तू चार सांग. तुला गाडी बी हुईल आन् पैसं बी राहत्याल. मी सांगितलं म्हनू नगंस.”

वृषालीने इंजिन बंद केलं. चार लाख म्हटले तर तिला दोन द्यावे लागणार; पंच्याऐंशी हजार उरणार, खोलीचा पाया तरी पडणार. पाच साठ म्हटले तर दोन ऐंशी जाणार आणि ठेवीत पाच हजार उरणार; तेवढ्यात खिडकीचे गजसुद्धा येत नाहीत. आणि रीत मोडणार नव्हती. किंमत सांगायची एवढंच रीत म्हणत होती. पण जो ‘घेतो’ म्हणूच शकत नाही त्याला ‘घेतोस की देतोस’ विचारणं, हे प्रश्न विचारल्याचं नुसतं सोंग करणं झालं. तिने वही मागून घेतली, शेवटचं पान उघडलं, बंद केलं.

“काय सांगनार?” गोजरबाईंनी विचारलं.

“बघू,” वृषाली म्हणाली. हा शब्द तिने आयुष्यात फार कमी वेळा वापरला होता.

तिसगावात सचिनच्या घरापुढे, कांद्याच्या चाळीला लागून, खुर्च्या मांडल्या होत्या. रविराज आधीच येऊन गाडीकडे पाठ करून बसला होता. तात्या मधोमध. पोहे झाले, चहा झाला, शेजारचे चारजण सहज आल्यासारखे येऊन उभे राहिले.

“हां, सूनबाई,” तात्या म्हणाले. “एकच आकडा. मागनं पुढं न्हाई, पुढनं मागं न्हाई.”

सचिन चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. गोजरबाई आभाळाकडे बघत चार बोटं गालावर ठेवून बसल्या होत्या. इतकी उघड खूण तिसगावच्या बाजारात आजवर कुणी केली नसेल.

“पाच लाख साठ हजार,” वृषाली म्हणाली. अधिक-उणे तिने गिळलं, पण चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

गोजरबाईंची चार बोटं कपाळावर आली. रविराजने श्वास रोखला. सचिनने वर बघितलं, एकदा गाडीकडे, एकदा मोनिकाकडे.

“देतो!” तो म्हणाला, आणि इतका मोकळा हसला की खुर्ची मागे गेली. “वहिनी, आता सांगायला हरकत न्हाई. तुमी चार म्हनला असता तरी दिली असती. साडेतीनला बी! पिकअपचा इसार देऊन बसलोय, गळ्याशी आलं हुतं.”

उभ्या असलेल्या चारजणांनी माना हलवल्या. मास्तरीणबाई फसल्या, असं त्या माना सांगत होत्या.

“माहीत होतं मला,” वृषाली म्हणाली.

सचिनचं हसू तिथंच थांबलं. “म्हंजे?”

“पिकअपचं. माहीत होतं.”

“मग चार का न्हाई म्हनला?”

“भावजी, मला किंमत गाडीची विचारली होती,” वृषाली म्हणाली. “तुमच्या अडचणीची नाही.”

मोनिका उठून आत गेली आणि कारण नसताना पुन्हा चहा टाकला. सचिनने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. शेवटी तात्यांनी घसा साफ केला.

“रविराज,” ते म्हणाले, “ह्या बाईला बैलबाजारात नेऊ नगंस. एका दिसात घर इकंल.” पण असं म्हणताना त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून त्याची नीट घडी घातली. तिसगावात तो मान असतो, हे वृषालीला रविराजने नंतर सांगितलं.

रविराज मात्र वेगळ्याच ठिकाणी पोचला होता. त्याने तिला चाळीच्या आडोशाला नेलं. “दोन लाख ऐंशी हजार कुठून देणार आपण?”

“माझ्या ठेवीतून.”

“ती तर खोलीची…” त्याला उलगडा झाला, आणि झाला तो पूर्ण चुकीचा. त्याचे डोळे भरून आले. “वृषा. माझ्यासाठी तू खोली सोडलीस?”

वृषालीने तोंड उघडलं. विद्यार्थ्याचं उत्तर चुकलं की ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, अशी तिची एकोणीस वर्षांची शिस्त. पण एवढा आनंदी विद्यार्थी तिने वर्गात कधी पाहिला नव्हता. तिने तोंड मिटलं.

निघायची वेळ झाली. मोनिकाने निरोपाला कुरडयांचा डबा दिला. रविराज हात पुसत, पितळी पट्टीकडे लांबूनच प्रेमाने बघत उजव्या दाराशी गेला आणि हात पुढे केला.

“किल्ली?”

चारचौघांत नवऱ्याला अरे-तुरे करायचं नाही, ही तिसगावातली दुसरी रीतही वृषालीने पाळली.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही डावीकडून बसा.”

रविराज आधी हसला. मग तिच्या हातातल्या किल्लीकडे, मग तिने सीट पुढे सरकवून ठेवली होती तिकडे, मग आरशाकडे बघितलं. आरसा तिच्या उंचीला लावलेला होता. भरून आलेले डोळे हळूहळू कोरडे होऊन मोठे होत गेले. तो गाडीला वळसा घालून डावीकडे आला आणि मुकाट बसला.

मागच्या चिंचोळ्या सीटवर कुरडयांचा डबा पोटाशी घेऊन बसलेल्या गोजरबाईंनी लेकाच्या खांद्यावर थोपटलं.

“रवी, पट्टा आवळून घे, बाळा. आता चढ हाय.”